डॉक्टर म्हणाले होते वर्षभरही जगणार नाही, पण हा माणूस स्टेरॉइडच्या गोळ्यांवर थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला

२६ सप्टेंबर १९६०. शिकागोच्या एका टीव्ही स्टुडिओत दोन माणसं उभी होती. एक रिचर्ड निक्सन, दुसरे जॉन एफ. केनेडी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची ही पहिलीच डिबेट. जवळपास ७ कोटी लोक बघत होते. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलात राहून आले होते. चेहरा उतरलेला, शर्ट गळ्याभोवती सैल. शेजारी केनेडी मात्र उन्हात रापलेल्या रंगाचे, ताजेतवाने. वय ४३.

लोकांनी बघूनच ठरवलं की हा गडी फिट आहे.

गंमत अशी की त्या स्टेजवरचा खरा आजारी माणूस निक्सन नव्हते. ज्या रापलेल्या रंगाचं कौतुक झालं, त्यातला थोडा रंग फ्लोरिडाच्या उन्हाचा असेलही, पण थोडा आजाराचाही असावा, असं डॉक्टर मंडळी आज म्हणतात. केनेडींना जो आजार होता त्यात कातडी आपोआप काळवंडते. आणि त्या आजाराच्याही आधीपासून त्यांच्या मागे पोटाचं दुखणं लागलेलं होतं. तेव्हा त्यांनी मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं.

तर ही गोष्ट केनेडींच्या पोटाची, आणि एका गोळीची. ती गोळी आजही अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या पेशंटला दिली जाते, आणि तिच्याबद्दल आजही दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे स्टेरॉइड म्हणजे विष, हात लावू नका. दुसरा म्हणजे स्टेरॉइडने बरं वाटतंय ना, मग घेत राहा. केनेडींचं आयुष्य बघितलं की दोन्ही कुठे चुकतात ते कळतं.

सुरुवातीपासून बघू.

जॉन, म्हणजे घरचा जॅक, जन्मला २९ मे १९१७ ला, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये. बाप जोसेफ केनेडी गडगंज श्रीमंत. नऊ भावंडांत जॅक दुसरा, आणि तब्येतीने सगळ्यात किरकोळ. तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा स्कार्लेट फीव्हरने जवळजवळ गेलाच होता. शाळेत गेला तर महिनाभर वर्गात आणि पंधरा दिवस दवाखान्यात. वजन काही केल्या वाढेना, पोट काही केल्या ताळ्यावर येईना.

१९३४ च्या उन्हाळ्यात बापाने त्याला मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी पाठवलं. तिथे मेयो क्लिनिक. त्या काळात अमेरिकेत ज्याचं निदान कुठेच लागत नाही त्याला मेयोला न्यायचं, अशी रीत होती. जॅकचं वय १७. जवळपास महिनाभर रोज तपासण्या, रोज एनिमा. त्याने तिथून मित्राला पाठवलेली पत्रं उपलब्ध आहेत आणि ती इतकी चावट आहेत की इथे लिहिता येत नाहीत. पोरगा स्वतःच्या हालांवर विनोद करत होता. आतून घाबरलेला होता, हेही त्याच पत्रांत दिसतं.

निदान आलं, कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याची सूज.

आता इथे एक मिनिट थांबू. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, त्यावर व्रण पडतात. मग दिवसातून पाच, आठ, पंधरा वेळा जुलाब, त्यात रक्त आणि शेंब, पोटात मुरडा. आपल्याकडे रक्त दिसलं की लोक मूळव्याध समजून महिनोन्‌महिने काढतात. हा आजार येतो, जातो, परत येतो. मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो, म्हणून घरच्यांनाही वाटतं की पोरगं नाटक करतंय.

१९३४ साली यावर औषध काय होतं? खरं सांगायचं तर नव्हतंच. पथ्य, विश्रांती आणि नशीब. ज्यांना मोठा झटका यायचा त्यातली बरीच माणसं पहिल्या वर्षातच मरायची. सल्फासॅलाझिन हे औषध स्वीडनच्या नाना स्वार्ट्‌झ या डॉक्टरबाईंनी आणलं, पण ते १९४० च्या आसपास. जॅकला मऊ, बेचव जेवण देऊन घरी पाठवलं गेलं.

पुढची काही वर्षं अशीच. १९३५ ला लंडनला शिकायला गेला, आजारी पडून परतला. प्रिन्स्टनला नाव घातलं, काही आठवड्यांत सोडावं लागलं. शेवटी १९३६ ला हार्वर्डला गेला आणि तिथून १९४० ला पदवी घेऊन बाहेर पडला. युद्ध सुरू झालं तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे लष्कराने आणि नौदलाने, दोघांनीही त्याला नापास केलं. इथे बापाची ओळख कामी आली आणि नौदलाचं दार उघडलं. लोक फिट नसताना सैन्यातून सुटायला वशिला लावतात, याने आत शिरायला लावला. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी युद्धनौकेने त्याची पीटी-१०९ ही बोट मधोमध चिरली. जखमी सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून तो कित्येक तास पोहत राहिला. जॅक हिरो झाला. पाठ मात्र आणखी कामातून गेली. १९४४ ला तिच्यावर ऑपरेशन झालं, पण फारसा फरक पडला नाही.

१९४६ ला केनेडी खासदार झाले. आणि १९४७ ला खरा तडाखा बसला.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते लंडनमध्ये असताना कोसळले. ब्लड प्रेशर खाली, उलट्या, अंगात त्राण नाही. लंडनच्या डॉक्टरांनी निदान केलं, ॲडिसन्स डिसीज. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, ॲड्रिनल. त्या कॉर्टिसोल बनवतात. ताप, अपघात, भीती, उपवास, कुठलंही संकट आलं की शरीर टिकून राहतं ते याच्या जोरावर. केनेडींच्या या ग्रंथी निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टरने त्यांच्या एका मैत्रिणीला सांगितलं की हा वर्षभरही जगायचा नाही. बोटीने अमेरिकेला परत नेत असताना तब्येत एवढी ढासळली की मरणाऱ्या कॅथलिक माणसासाठी करतात तो अंतिम विधीही त्यांच्यावर झाला.

वय ३०.

ते वाचले. कारण तेव्हा डीओसीए नावाचं एक कृत्रिम संप्रेरक आलेलं होतं. मांडीला छोटी चीर द्यायची, त्यात गोळी बसवायची, वर टाका. ती गोळी काही महिने हळूहळू विरघळत राहायची. ती शरीरातलं मीठ-पाणी सांभाळायची. पण सूज कमी करण्याचं काम तिला जमत नव्हतं. ते जमणारं औषध वर्षभरात आलं, आणि आलं कुठून तर जिथे जॅकने महिनाभर एनिमा सोसले होते त्याच मेयो क्लिनिकमधून.

सप्टेंबर १९४८ मध्ये मेयोचे डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने खाटेला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला एक नवं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत ती उठून चालायला लागली, आठवड्याभरात खरेदीला बाहेर पडली. औषधाचं नाव कॉर्टिझोन. १९५० ला हेंच, त्यांचे सहकारी केंडाल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पेपरांनी चमत्कार म्हणून मथळे दिले. त्या बाईचं पुढे काय झालं ते मात्र फार कमी लोक वाचतात. औषध बंद झालं की दुखणं परत यायचं आणि चालू ठेवलं की दुष्परिणाम वाढायचे. स्टेरॉइडचा सगळा पुढचा इतिहास त्या एका केसमध्ये होता.

(जिममध्ये बॉडी बनवायला घेतात ते स्टेरॉइड वेगळे. नावात साम्य आहे, कामात नाही.)

केनेडींसाठी कॉर्टिझोन म्हणजे वरदान ठरलं. रोजची गोळी सुरू झाली आणि अंगात जान आली. १९५२ ला सिनेटर झाले, १९५३ ला जॅकलिनशी लग्न झालं. पण पाठ काही ऐकेना. १९५४ मध्ये कुबड्या घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मोठं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. ॲडिसन्सच्या पेशंटवर इतकं मोठं ऑपरेशन म्हणजे जुगार होता, कारण ऑपरेशनचा ताण पेलायला लागणारं कॉर्टिसोल शरीर बनवूच शकत नव्हतं. २१ ऑक्टोबर १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये ऑपरेशन झालं. नंतर इन्फेक्शन, मग बेशुद्धी, आणि पुन्हा एकदा पाद्रीला बोलावणं.

तरी वाचले. का वाचले, हे पुढच्याच वर्षी एका सर्जरीच्या जर्नलमध्ये छापून आलं. ॲडिसन्स असलेला ३७ वर्षांचा पुरुष, पाठीचं ऑपरेशन, आधीपासून दर तीन महिन्यांनी डीओसीएची गोळी आणि रोज २५ मिलिग्रॅम कॉर्टिझोन. ऑपरेशनच्या काळात स्टेरॉइड कसं वाढवलं आणि नंतर कसं उतरवलं याचा सगळा हिशोब. नाव अर्थातच नव्हतं. वय, ऑपरेशनचं वर्ष आणि शहर जुळवून तो पेशंट कोण हे लोकांनी नंतर ओळखलं. एवढी लपवाछपवी करणाऱ्या घराण्याचं सगळ्यात मोठं गुपित चक्क जर्नलमध्ये छापलेलं होतं, फक्त कुणी वाचलं नव्हतं.

अंथरुणावरच्या त्या महिन्यांत त्यांनी एक पुस्तकही लिहायला घेतलं. 'प्रोफाइल्स इन करेज'ला १९५७ चं पुलित्झर मिळालं. त्यातलं किती लेखन त्यांचं आणि किती सहायकाचं, हा वाद वेगळा.

आता परत कोलायटिसकडे येऊ. ज्या १९५५ साली केनेडींची ती केस छापली गेली, त्याच साली ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डमधल्या सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स या दोन डॉक्टरांनी एका मोठ्या प्रयोगाचा अंतिम निकाल जाहीर केला. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २१० पेशंट. १०९ जणांना कॉर्टिझोन, १०१ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी. सहा आठवड्यांनी बघितलं तर कॉर्टिझोन घेतलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांची लक्षणं पूर्ण थांबली होती. खोट्या गोळीवाल्यांमध्ये हा आकडा १६ टक्के होता.

कोलायटिसमध्ये एखादं औषध खरंच काम करतं हे इतक्या काटेकोरपणे पहिल्यांदा सिद्ध झालं. मोठा झटका कशाला म्हणायचं हेही या दोघांनी ठरवून दिलं. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, नाडी ९० च्या वर, हिमोग्लोबिन घसरलेलं. आज मुंबई-पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनाही हीच ट्रूलव्ह-विट्सची मोजपट्टी शिकवली जाते. असा पेशंट आला की ओपीडीतून घरी पाठवत नाहीत, ॲडमिट करून शिरेतून स्टेरॉइड देतात.

पण चांगल्या बातमीसोबत दुसरी बातमीही आली. आग विझली, मग ती विझलेलीच राहावी म्हणून थोडं थोडं स्टेरॉइड चालू ठेवलं तर? हे तपासून बघितलं गेलं. १९६५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या पेशंटना रोज प्रेडनिसोन देऊन बघितलं. खोट्या गोळीपेक्षा काहीही फायदा नाही. आजार जेवढा परतायचा तेवढाच परतला. त्याच वर्षी सल्फासॅलाझिनने मात्र आजार लांब ठेवून दाखवला.

म्हणजे स्टेरॉइड हा आगीचा बंब आहे. बंब घरात उभा करून रोज पाणी मारत बसलात तर आग परत लागायची ती लागतेच, वर भिंतीही ओल्या होऊन पडतात. भिंती म्हणजे आपली हाडं ठिसूळ होतात, शुगर आणि बीपी वाढतं, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, डोळ्यांत मोतीबिंदू, झोप जाते, मूड बिघडतो. म्हणून कोलायटिसमध्ये डॉक्टर प्रेडनिसोलोनचा मोठा डोस सुरू करतात आणि दर आठवड्याला पायरी पायरीने उतरवत साधारण दोन-अडीच महिन्यांत शून्यावर आणतात.

हळूहळू का? तर बाहेरून स्टेरॉइड येतंय म्हटल्यावर आपल्या ॲड्रिनल ग्रंथी झोपी जातात. आणि गोळी एकदम थांबवली तर काय होतं? लंडनमध्ये १९४७ ला केनेडींचं जे झालं ना, जवळजवळ तेच. कारण वेगळं, पण शरीरात कॉर्टिसोल नाही ही अवस्था तीच. इंटरनेटवर स्टेरॉइडचे दुष्परिणाम वाचून रातोरात गोळी बंद करणाऱ्यांना आणि डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून तीच चिठ्ठी वर्षभर दाखवून गोळी आणणाऱ्यांना, दोघांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

केनेडींची गोष्ट इथे उलटी आहे हेही नीट समजून घ्या. त्यांच्या ग्रंथीच मेलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना स्टेरॉइड आयुष्यभर लागणारच होतं. जे शरीर बनवत नाही ते बाहेरून भरून काढायचं, एवढंच. ॲडिसन्सच्या पेशंटने हे बघून घाबरून गोळी सोडली तर जिवावर बेतेल. कोलायटिसच्या पेशंटचं गणित वेगळं. गोळी एकच, हिशोब दोन.

आता व्हाइट हाउस. १९६० मध्ये पक्षांतर्गत लढतीत लिंडन जॉन्सनच्या माणसांनी केनेडींना ॲडिसन्स आहे असं जाहीरपणे सांगितलं. केनेडींच्या गोटाने शब्दांची कसरत करून नाकारलं. ॲडिसन्स मूळ क्षयरोगामुळे होणारा आजार म्हणून ओळखला जायचा. केनेडींना क्षय नव्हता, म्हणून तो 'तसला' ॲडिसन्स नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, पण खरंही नाही. माझ्या मते ही फसवणूकच होती. १९५५ ते १९५७ या अडीच वर्षांत जो माणूस नऊ वेळा, मिळून ४५ दिवस हॉस्पिटलात होता, त्याच्याबद्दल मतदारांना कळायला हवं होतं. कळलं असतं तर तो निवडून आला नसता, हेही तितकंच खरं.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर औषधांची यादी मोठी होती. हायड्रोकॉर्टिझोन, पोटाचा मुरडा थांबवणाऱ्या गोळ्या, जुलाबाची औषधं, टेस्टोस्टेरॉन, झोपेच्या गोळ्या, पाठीत इंजेक्शनं, अँटिबायोटिक. एप्रिल १९६१ मध्ये क्युबावरची बे ऑफ पिग्जची मोहीम फसत असताना त्यांना जोरदार जुलाब होत होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये रशियाची क्षेपणास्त्रं क्युबात सापडली आणि १३ दिवस जग अणुयुद्धाच्या काठावर उभं राहिलं, तेव्हा पोटाची औषधं चालू होतीच, शिवाय हायड्रोकॉर्टिझोनचा डोस वाढवावा लागला होता. तुमच्या-माझ्या शरीरात टेन्शन आलं की कॉर्टिसोल आपोआप वाढतं. त्यांच्यात ते डॉक्टरला हाताने वाढवावं लागायचं.

या औषधांनी त्यांचे निर्णय बिघडवले का? इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना २००२ मध्ये केनेडींच्या वैद्यकीय फायली बघायला मिळाल्या. सोबत एक डॉक्टर घेऊन त्यांनी त्या तपासल्या. त्यांना तसा काही पुरावा दिसला नाही. उलट औषधं नसती तर माणूस उभाच राहिला नसता, असं त्यांचं मत पडलं.

डॅलेक यांनी आणखी एक शक्यता मांडली, की केनेडींना कोलायटिससाठी १९३७ पासूनच स्टेरॉइड दिलं गेलं असावं आणि त्यानेच त्यांची हाडं आणि ग्रंथी बिघडल्या असाव्यात. बऱ्याच डॉक्टरांना हे पटत नाही. सूज उतरवणारं कॉर्टिझोन तेव्हा बाजारात नव्हतंच, हे वर आलंच आहे. २००९ मध्ये अमेरिकन नौदलाचे डॉक्टर ली मँडेल यांनी वेगळं उत्तर दिलं. केनेडींची थायरॉइडही बिघडलेली होती आणि त्यांची सख्खी बहीण युनिस, जिने स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू केलं, तिलाही ॲडिसन्स होता. म्हणजे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठण्याची खोड घराण्यात असावी.

मग त्यांचा कोलायटिस खरंच अल्सरेटिव्ह होता का? काही डॉक्टरांना तो गव्हाने बिघडणारा सीलिॲक डिसीज वाटतो. आतड्यात खोलवर जाणारी लवचिक दुर्बीण केनेडींच्या हयातीत दवाखान्यांत आलेलीच नव्हती. आज कोलोनोस्कोपी करून छोटा तुकडा तपासला की काही दिवसांत निदान पक्कं होतं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा केनेडींनी कपड्यांखाली पाठीचा घट्ट पट्टा बांधलेला होता. वय ४६. शवविच्छेदनात ॲड्रिनल ग्रंथी सापडल्याच नव्हत्या, हे त्यातल्या डॉक्टरने १९९२ मध्ये म्हणजे जवळपास ३० वर्षांनी कबूल केलं.

१९६३ हे साल कोलायटिसच्या डॉक्टरांनाही माहीत असतं. ट्रूलव्ह आणि त्यांचे सहकारी एडवर्ड्स यांनी त्या साली ऑक्सफर्डच्या ६२४ पेशंटचा अनेक वर्षांचा लेखाजोखा छापला. आजार लागल्यावर पुढे काय होतं, किती जण जगतात, कुणाला परत परत झटके येतात, कुणाला आतड्याचा कॅन्सर होतो, हे पहिल्यांदा इतकं तपशिलात मांडलं गेलं. स्टेरॉइड आल्यानंतर मोठ्या झटक्यात मरणाऱ्यांचं प्रमाण उतरलं होतं.

पुढचा हिशोब पुन्हा मेयोच्या गावातून आला. रॉचेस्टर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कोलायटिसच्या ज्या पेशंटना पहिल्यांदा स्टेरॉइड द्यावं लागलं, त्यांचं वर्षभराने काय झालं हे २००१ मध्ये छापलं गेलं. ४९ टक्के बरे राहिले. २२ टक्के स्टेरॉइडवर अडकले, डोस उतरवला की आजार परत. २९ टक्के लोकांचं मोठं आतडं काढावं लागलं.

हा आकडा बघून छातीत धस्स होतं, पण ती त्या आधीच्या औषधांच्या काळातली माणसं होती, आणि हे फक्त स्टेरॉइडची वेळ आलेल्यांचं गणित आहे. बऱ्याच जणांचं मेसालामाइनवरच भागतं. स्टेरॉइड सुटत नसेल तर अझाथायोप्रिन आहे, इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. वर्षातून दोनदा स्टेरॉइड घ्यायची वेळ येत असेल तर पुढचं औषध कोणतं, हे आपल्या डॉक्टरला विचारायला लाजू नका. आजाराला आठ वर्षं झाली की कॅन्सर लवकर सापडावा म्हणून ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागते, लक्षणं नसली तरी. एवढं सांभाळलं तर बहुतेक पेशंटचं आयुष्य इतरांएवढंच असतं.

१९३४ साली त्या १७ वर्षांच्या पोराला यातलं काहीच मिळण्यासारखं नव्हतं.